जीवशास्त्राचा मामा

चहाची कपबशी हातात घेण्याआधी तो आपली बोटं हुंगायचा. आधी उजव्या हाताची, मग डाव्या. वास आला की कप खाली ठेवून उठायचा, नळावर जाऊन राखेनं हात घासायचा, परत येऊन परत हुंगायचा. तोवर चहावर साय धरायची. कोणी म्हणालं, "मामा, निवला ना चहा," तर म्हणायचा, "निवू द्या जी. दवाईचा वास पोटात जाण्यापरीस थंडा चहा बरा."

ही दवाई म्हणजे मेलेले जीव बाटलीत टिकून राहावेत म्हणून भरतात ती. आमच्या गावापासून कोसभरावर मोठं गाव आहे, सिहोऱ्याच्या अंगाला. तिथल्या शाळेत विज्ञानाच्या खोलीत तो कामाला होता. खोली झाडायची, बाटल्या पुसायच्या, पोरांच्या हातात चिमटे-कात्र्या द्यायच्या, आणि पावसाळ्यात बेडूक धरून आणायचे, एवढं त्याचं काम. नाव होतं त्याला, पण शिपायापासून हेडमास्तरापर्यंत सारे मामाच म्हणत. मीही तेच म्हणेन.

तुमच्याही गावच्या शाळेत असा एखादा असेलच. मास्तर येतात, बदली होऊन जातात, हा तिथंच. शिक्षण सातवी नापास. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत, त्या त्याला वाचता येत नसत. एकदा नागपूरकडून नवीन मास्तर आले. एका बाटलीची चिठ्ठी गळून पडली होती. मास्तर म्हणाले, यात काय आहे ते कळल्याशिवाय हात लावू नका. मामानं बाटली उलटी करून बुडाकडं पाहिलं. "बुडाले टवका गेला हाय. हे ॲसिड. मागच्या मास्तरच्या हातून आपटली होती." मास्तरांनी तपासून पाहिलं, तर तेच निघालं. पण मामा चढून गेला नाही. चिठ्ठी चिकटवली आणि फडकं घेऊन पुढच्या बाटलीला लागला.

त्याचा एक बोल होता, "पानी निवळू द्या." कशालाही हेच. पोरं भांडली, पानी निवळू द्या. हेडमास्तर रागावले, पानी निवळू द्या. दहावी झालेली पोरं विचारायला येत, मामा, कोणता विषय घेऊ? कारण दहावीनंतरची अकरावी-बारावी तेव्हा शाळेला नवीन नवीन जोडली होती, आणि त्या शाळेत जागा कमी, मास्तर कमी. गणित आणि जीवशास्त्र एकाच तासाला दोन खोल्यांत चालायचं. म्हणजे एक धरायचा, एक सोडायचा. त्या पोरांना तो म्हणायचा, "पानी निवळू द्या रे. घाईत घेतलेला विषय अन् घाईत घेतलेला बैल, दोन्ही भर वक्ताले बसतेत."

आता माझी आणि त्याची ओळख कशी झाली ते सांगतो. भांडणानं झाली. खोटं कशाला लिहू?

माझी पाच एकर धानाची जमीन रस्त्याला लागून आहे. मी चौथी शिकलेला, पण माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती दिवस राहील ते मला पायानं कळतं. त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी चालली. पऱ्हे म्हणजे लावणीची रोपं पिवळी पडायला लागली. गावातल्या लेकरांनी धोंडी काढली. आमच्याकडं पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधतात, कडुलिंबाचा पाला गुंडाळतात आणि घरोघर नेतात. बाया त्याच्यावर पाणी ओततात. बेडूक ओरडला की पाऊस येतो म्हणतात. कोणी हसो, मी हसत नाही.

धोंडीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी शेताकडं गेलो, तर हा माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, विहिरीच्या पाटापाशी उकिडवा बसलेला. बाजूला सायकल. हातात तेलाचा डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. तो डबा साऱ्या परिसराला ठाऊक होता. बेडकांचा डबा.

माझं डोकं फिरलं. गाव बेडकाच्या पाया पडून राहिलं, अन् हा बेडूक चोरून राहिला!

मी सायकलचं कॅरिअर धरलं. "काय रे चोरा, कायले आला इथं?"

तो उठला. "पाटील, मी नेऊन नाही राहिलो…"

"मंग डबा कायले? दूध काढाले आला का?"

"पानी निवळू द्या जी, मंग तुमालेच दिसन."

"मलेच शिकवतो का? माझ्या बांधीत, माझ्याच पान्याचं?"

तोवर रस्त्यावरची चार माणसं जमा झाली होती. माणसं जमली की मला जोर येतो, हा माझा जुना गुण आहे. मी साऱ्यांच्या समोर हात वर करून सांगितलं की आजपासून माझ्या बांधीतला एक बेडूक कोणी नेला तर त्याची सायकल तळ्यात जाईल. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून पुढंही बोललो. माझ्या घरचं माणूस जन्मात कधी बेडूक कापणार नाही, कापलेल्या ठिकाणी बसणार नाही, ही माझी शपथ.

मामानं डबा कॅरिअरला बांधला आणि सायकल हातात धरून चालत गेला.

आठव्या दिवशी पाऊस आला. धो धो आला. पानठेल्यावर लोक म्हणू लागले, पाटलानं बेंडूक वाचवले म्हणून पानी आलं. मी नाही म्हटलं नाही. कोण म्हणतं? दोन वर्षं मी त्या पावसाच्या जोरावर छाती काढून फिरलो.

मग माझी पोरगी दहावी झाली. साऱ्या शाळेत पहिली. मी गावभर पेढे वाटले. घरी आलो तर ती शाळेचा फॉर्म घेऊन बसलेली. सगळं भरलं होतं, एक जागा कोरी. तिथं विषय लिहायचा आणि खाली बापाची सही.

"बाबा, मी जीवशास्त्र घेईन."

"त्यात काय शिकवतेत?"

"जीव-जंतू, झाडं. अन् बारावीत बेंडूक कापा लागते."

आदल्या साली आमची म्हैस विताना गेली होती. तुमसरहून डॉक्टर येईतोवर उशीर झाला. पोरगी रात्रभर तिच्या मानेखाली हात देऊन बसली होती. तेव्हापासून तिच्या मनात एकच, नागपूरला गुरांच्या डॉक्टरीचं कॉलेज आहे, विद्यापीठाचं, तिथं जायचं. हे मला तिच्या आईनं सांगितलं. पोरगी मला सांगायला भीत होती, कारण शपथ तिलाही ठाऊक होती. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

मी म्हणालो, "गणित घे. गणित चांगलं हाय तुयं. बँकेत लागशीन."

"मले बँकेत नाही लागाचं."

"माझी शपथ हाय."

तिनं फॉर्म घडी करून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या वेळेला पाहतो तर लुगडं खोचून धान रोवणाऱ्या बायांच्या रांगेत उभी. हातात पऱ्ह्यांची पेंढी.

"हे काय?" मी विचारलं.

"अकरावी नाही करत मी. जीवशास्त्र नाही तं काहीच नाही. रोवणा शिकून घेतो."

आता तुम्ही म्हणाल, बाप हट्टी, पोरगी कशी मऊ निघेल? खरं आहे. चार दिवस ती चिखलात उभी राहिली. चार दिवस मी धुऱ्यावर उभा राहिलो. घरात तिची आई ताट वाढताना भांडी अशी आपटायची की शेजारी विचारायला येत. एका जेवणाला तर माझ्यासमोर ताट ठेवून ती म्हणाली, "जेवा. बेंडूक वाचवले ना तुमी, आता पोरगी बुडवा." पण उठून सही केली असती तर मी कसला मी?

खरं सांगतो, मला भीतीही वाटू लागली होती. शपथेची नाही. पोरीच्या पाठीची. ती वाकून रोवणं लावत होती, आणि रांगेतल्या साठ वर्षांच्या म्हातारीची पाठ आणि तिची पाठ मला एकसारखी दिसायला लागली. असंच चाललं तर ही अशीच वाकलेली राहील. पण फॉर्म फळीवरून काढला नाही.

पाचव्या दिवशी फॉर्म द्यायची शेवटची तारीख. दुपारी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. मामा. डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि कॅरिअरला तोच डबा. मी त्याला बघून धुऱ्यावरून उतरलो नाही.

"रामराम पाटील."

"कायले आला?"

"पोरगीचा फारम आला नाही. साहेब म्हणले, पाच वाजेपर्यंत वाट पाहू. साऱ्या शाळेत पहिली आली पोरगी, तिची जागा कशी भरतील?"

"माझी शपथ हाय. तुमालेच तं मालूम हाय."

"मालूम हाय जी." त्यानं सायकल धुऱ्याला टेकवली. "पाटील, एक बार खाली वाकून पाहाल? इथंच. पानी निघते त्या तोंडापाशी."

"काय पाहू?"

"पाहा तं."

मी वाकलो. का वाकलो कोण जाणे. बायांचे पाय लागून पाणी गढूळ होतं. तो म्हणाला, "आता थांबा." मी थांबलो. चिखल खाली बसला. आणि मग दिसलं, काळ्या शेपटीची बारीक पिल्लं, बेडकाची. एक-दोन नाही, खसखस सांडल्यासारखी.

"हे कुठून आले?"

"म्या आनले." त्यानं कॅरिअरवरचा डबा सोडला, झाकण उघडून माझ्यासमोर धरला. आत पाणी आणि त्यात तशीच पिल्लं. "बेंडूक बिचारं रस्त्यावरच्या खड्ड्यात अंडे घालते. टरक गेला का संपलं. दोन दिवस ऊन पडलं का संपलं. मी जाता येता भरून घेतो. तुमच्या बांधीत पानी टिकते, म्हणून इथं सोडतो. शाळेसाठी दहा-वीस न्याचे, तं शंभर सोडाचे. आपला हात साफ राहिला पायजे."

"अन् त्या साली?"

"त्या साली बी. सोडूनच राहिलो होतो. खड्ड्यात राहिलं नव्हतं पानी, तुमच्या विहिरीच्या पाटात थोडं होतं. तुमी झाकन उघडाले सांगितलंच नाही."

तरी माझा स्वभाव पाहा, मी म्हणालो, "हे खरं कशावरून?"

रांगेतली ती साठ वर्षांची म्हातारी सरळ झाली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खरंच हाय पाटील. आमी दरसाल पाहातो त्यायले."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमाले सांगन कोन बापा!"

साऱ्या बाया हसल्या. अशा हसल्या की एकीच्या हातातली पेंढी पाण्यात पडली. माझी पोरगी मात्र हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मामानं खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. तो त्यानं आधी माझ्या घरी जाऊन तिच्या आईकडून घेतला होता, हे मला मागाहून कळलं. "पाटील, गणित काही खराब नाही. पन गणित घेतलं तं गुरांच्या डॉक्टरीचं दार बंद होते. बारावी झाल्यावर मंग कितीबी ठोका. मी पाहातो ना, पोट्टे रडत येतेत खोलीत. मामा, तवा सांगितलं काहून नाही म्हनतेत. म्हून सांगाले आलो."

"अन् शपथ?"

"तुमी घातली. पोरगीनं कुठं घातली?"

एवढं सोपं होतं ते. दोन वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी हात पुढं केला. त्यानं फॉर्म मागं घेतला. "हात धुवा आधी. फारमावर चिखल चालत नाही." मी पाटात हात धुतले, धोतराला पुसले. त्यानं माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, मगच फॉर्म दिला. पोरीनं हात धुऊन त्याच्या पेननं कोऱ्या जागेत विषय लिहिला. मामानं डब्यातली पिल्लं बांधीत सोडली, रिकामा डबा मी उलटा करून मांडीवर ठेवला आणि सही केली. माझ्या सहीला वेळ लागतो. बाया पेंढ्या हातात धरून बघत होत्या.

सही झाली आणि मला कसं वाटलं म्हणाल, तर डोक्यावरचा भारा उतरवल्यावर मान आपोआप वर जाते ना, तसं. भूक लागली एकदम. चार दिवसांची.

पण हारलो असं दिसू नये म्हणून मी म्हणालो, "एक अट हाय मामा. माझ्या बांधीतला बेंडूक मात्र न्याचा नाही."

"नाही जी."

त्याला मी मामा म्हटल्याचं माझ्या ध्यानात नव्हतं. पोरीच्या ध्यानात होतं. तिनं नंतर सांगितलं.

साडेतीन वाजले होते. पोरगी पाय न धुता त्याच्या कॅरिअरवर बसली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात डबा. तो पायडल मारत गेला आणि ती मागं वळून वळून बघत होती. मी बघत नव्हतो असं दाखवत उभा होतो.

संध्याकाळी पानठेल्यावर एकानं डिवचलंच, "काय पाटील, शपथ कुठं गेली?"

मी म्हणालो, "शपथ माझी हाय, माझ्यापाशीच हाय. पोरगी तिची हाय." लोक हसले. मीही हसलो. नवीन होतं ते मला, आपल्यावर हसणं.

पुढची दोन वर्षं मी काहीतरी निमित्त काढून शाळेकडं जायचो. पोरीचा जेवणाचा डबा राहिला, छत्री राहिली. छत्री तर मीच लपवायचो. विज्ञानाच्या खोलीबाहेर बाकावर मामा आणि मी चहा घ्यायचो. तो बोटं हुंगायचा, उठायचा, हात घासून यायचा. पोरगी घरी येऊन सांगायची की पहिल्यांदा कात्री हातात घेतल्यावर तिचे हात थरथरत होते. मामा बाजूला येऊन उभा राहिला. कात्री काढून घेतली नाही, धीरही दिला नाही. नुसता उभा राहिला, थरथर थांबेपर्यंत. तास संपल्यावर कापलेले बेडूक तो उकिरड्यावर टाकत नसे. शाळेमागच्या बोरीखाली खड्डा करून पुरायचा आणि वरून पाणी शिंपायचा. मास्तर हसत. तो शिंपायचा.

त्या बाकावर बसून मी कितीतरी वेळा ठरवलं की म्हणून टाकावं, मामा, त्या साली मी चुकलो. पण चहा संपायचा, शब्द राहायचा. त्यानंही कधी तो विषय काढला नाही.

पोरगी बारावी झाली. नागपूरच्या कॉलेजचं पत्र आलं. पोस्टमन वाचून दाखवत होता आणि मी त्याला तीन वेळा वाचायला लावलं. नाव तिचंच आहे ना? विद्यापीठ तेच ना? गुरांचंच ना? तो म्हणाला, "हो हो, गुरांचंच." तिची आई अंगणात बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी रडलो नाही. मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो, तेवढंच.

त्याच साली मामा निवृत्त झाला. त्याचं गाव शहापूरकडलं, तिकडं जाऊन राहणार होता. मला कळलं त्या दिवशी मी चिन्नोरच्या, आमच्याकडच्या वासाच्या तांदळाची थैली खांद्यावर घेतली आणि तुमसरचं बसस्टँड गाठलं. भंडाऱ्याची गाडी लागलेली होती. तो खिडकीपाशी बसला होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. मी त्याला खाकीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

थैली खिडकीतून आत दिली. म्हणालो, "नवीन नाही, जुना तांदूळ हाय. मोकळा होते."

"कायले एवढं, पाटील?"

ड्रायव्हर चढला. गाडी घरघरायला लागली. आता नाही तर कधीच नाही, एवढं मला कळलं. मी खिडकीचा गज धरला आणि म्हणालो, "मामा, त्या साली माझं चुकलं. चोर म्हटलं तुमाले. चोर नव्हते तुमी."

म्हटलं गेलं. साठीला आलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा.

तो खिडकीतून डोकं बाहेर काढून हळूच म्हणाला, "तसं एकदम बी म्हनू नोका जी."

"काहून?"

"पोरगीच्या परीक्षेच्या वक्ताले सारीकडं कोरडं होतं. बेंडूक भेटूनच नाही राहिले. मंग तुमच्या इथले नेले."

"माझ्या? मी अट घातली होती ना!"

"बांधीतले न्याचे नाही म्हनलं होतं. विहिरीपाशचे नेले."

गाडी हलली. मी गज सोडला. रागावू की काय करू, हे कळायच्या आत मला हसू फुटलं. असं फुटलं की बाजूचा पेरूवाला टोपली सोडून बघायला लागला. म्हणजे माझ्या पोरीनं परीक्षेत कापलेला बेडूक माझाच!

"किती नेले?" मी गाडीमागं चालत ओरडलो.

त्याचा आवाज ऐकू आला नाही. गाडी स्टँडाबाहेर वळली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वर झाला. दोन बोटं. वळणापर्यंत ती तशीच बाहेर होती.